कुर्त वालांडर : चुकतमाकत सत्यापर्यंत पोचणारा पोलीस

मागच्या वर्षी आषाढातल्या एका दुपारी वाचनालयात पुस्तके परत करायला गेले आणि पावसामुळे दोन तास तिथेच अडकून पडले. त्या दोन तासांत, केवळ हाताशी होते म्हणून, हेन्निंग मांकेल या स्वीडिश लेखकाच्या ‘फेसलेस किलर्स’ या कादंबरीची पहिली काही प्रकरणे वाचली. रहस्यकथा वाचणे मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडले होते. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय ज्या घरात माणसांइतकेच ओळखीचे होते अशा घरात मी वाढले, आणि त्या नायकांविषयीचे प्रेम अजूनही तसेच आहे. परंतु वय वाढत गेले तसे, कधीही न थकणाऱ्या आणि कधीही न चुकणाऱ्या माणसांच्या नव्या गोष्टी वाचाव्यात असे वाटेनासे झाले. पाऊस उघडल्यावर मी ते पुस्तक घरी आणले, तीन रात्रींत संपवले आणि पुढच्या दहा महिन्यांत कुर्त वालांडर या पोलीस अधिकाऱ्याची संपूर्ण मालिका क्रमाने वाचून काढली.

पहिल्या कादंबरीची सुरुवात जानेवारी १९९० मधल्या एका गोठवणाऱ्या पहाटे होते. स्वीडनच्या दक्षिण टोकाला असलेल्या स्कोने प्रांतातल्या एका लहानशा वस्तीत एक म्हातारा शेतकरी झोपेतून जागा होतो आणि काहीतरी नेहमीसारखे नाही एवढेच त्याला जाणवते. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे, आणि त्यांची घोडी रोजच्यासारखी खिंकाळलेली नाही. शेजारचा वृद्ध शेतकरी अमानुष मारहाणीत मेलेला आढळतो. त्याची बायको गळ्याला फास लावलेल्या अवस्थेत, पण जिवंत सापडते आणि मरण्यापूर्वी इस्पितळात एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते : ‘परदेशी’. त्या रात्री कोणीतरी घोडीला वैरणही घातलेली आहे. रक्ताने भरलेल्या त्या घरापेक्षा ही वैरणच मनात जास्त रुतून बसते, कारण इतका क्रूर माणूस जाता जाता जनावराला खायला का घालील, हा प्रश्न तपास करणाऱ्यांच्या आधी आपल्याच मनात उभा राहतो.

या गुन्ह्याचा तपास ज्याच्याकडे येतो तो वालांडर बेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याचे घर नुकतेच मोडलेले आहे. बायको मोना त्याला सोडून गेली आहे, लिंडा या एकुलत्या एका मुलीशी धड बोलणे होत नाही, आणि त्या मुलीने पंधराव्या वर्षी आत्महत्येचा प्रयत्न केला होता ही गोष्ट बाप म्हणून त्याच्या मनातून कधीच जात नाही. इस्ताद या गावातल्या मारियागातान नावाच्या रस्त्यावरच्या सदनिकेत तो एकटा राहतो, ऑपेराच्या ध्वनिफिती ऐकतो, वेळीअवेळी काहीबाही खातो, रात्री नीट झोपत नाही आणि प्रमाणाबाहेर पितो. इमारतीतल्या सामाईक धुलाईच्या खोलीत आपली पाळी नोंदवायला तो हमखास विसरतो. ही खोलीची पाळी मालिकाभर अधूनमधून येत राहते, आणि मळक्या कपड्यांचा तो वाढत जाणारा ढीग एकट्या पडलेल्या पुरुषाच्या घराविषयी जे सांगून जातो ते लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही.

दोष असलेला गुप्तहेर ही कल्पना आता सर्वांच्या इतकी परिचयाची झाली आहे की दारूची बाटली आणि मोडलेला संसार हे अशा नायकाचे गणवेशच वाटू लागले आहेत. बहुतेक कथांमध्ये हे दोष नायकाला अधिक आकर्षक करण्यासाठी येतात. तो पितो, पण नेमक्या वेळी शुद्धीवर असतो. तो उद्धट बोलतो, पण त्याचेच खरे ठरते. मांकेलने तसे केलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने या मालिकेचे सर्वांत मोठे बळ तेच आहे. वालांडरच्या चुका त्याला महाग पडतात, आणि पुष्कळदा त्याच्यापेक्षा इतरांना अधिक महाग पडतात. पहिल्याच कादंबरीत मोनाला भेटून माल्मोहून परतताना तो दारू पिऊन गाडी चालवतो आणि त्याच्याच ठाण्यातले दोन शिपाई त्याला अडवतात. ते त्याला घरी पोचवतात आणि ही गोष्ट कोणालाही सांगत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या नजरेला नजर देणे त्याला जड जाते. त्याच पुस्तकात नव्याने आलेल्या महिला सरकारी वकिलाशी तो दारूच्या नशेत अतिशय गैर वागतो. या प्रसंगाने मला वाचताना खरोखर राग आला, आणि तो राग पुढेही पूर्ण मावळला नाही. लेखक त्याचे समर्थन करत नाही हे खरे, परंतु त्या स्त्रीने त्याला किती सहज क्षमा केली हे पाहता, येथे लेखकाने आपल्या नायकाला थोडे सांभाळून घेतले असेही मला वाटते.

तपासातल्या चुकांचे परिणाम तर याहून गंभीर आहेत. मरणाऱ्या बाईचा तो एक शब्द पोलीस ठाण्यातून बाहेर फुटतो, दूरचित्रवाणीवर पोचतो, आणि मग परिसरातल्या निर्वासितांच्या छावण्यांवर हल्ले सुरू होतात. एका सोमाली निर्वासिताचा, ज्याचा या खुनाशी काडीमात्र संबंध नाही, दिवसाढवळ्या बळी जातो. मूळ खुनाचा तपास एकीकडे आणि त्या तपासाच्या ढिसाळपणातून जन्मलेला दुसरा खून दुसरीकडे, अशा दोन्ही ओझ्यांखाली वालांडर पुढे चालत राहतो. वाचकाला कोडे सुटण्याची घाई असते. लेखक मात्र तपासात सांडलेल्या एका शब्दाने काय काय पेटू शकते हे पाहायला भाग पाडतो.

मांकेल हा आयुष्याचा मोठा भाग आफ्रिकेत घालवलेला लेखक होता. मोझांबिकची राजधानी मापुतो येथल्या तेआत्रो आव्हेनिदा या नाट्यसंस्थेशी १९८६ पासून त्याचे जवळचे नाते होते आणि वर्षातले बरेच महिने तो तिथेच असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायदेशी परतल्यावर परकीयांविषयीचा द्वेष किती वाढला आहे हे त्याला जाणवले, आणि वंशद्वेष हा स्वतःच एक गुन्हा असल्यामुळे त्याविषयी लिहायला गुन्हेकथेचाच बाज हवा असे त्याने ठरवले. वालांडरचा जन्म असा झाला. मूळ स्वीडिश पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत स्टॉकहोम आणि उप्साला येथे एका माणसाने परदेशी दिसणाऱ्या अकरा जणांवर गोळ्या झाडल्या आणि त्यांतला एक जण दगावला. १९९२ मध्ये, मुख्यतः युगोस्लाव्हियातल्या युद्धामुळे, सुमारे ८४,००० माणसांनी स्वीडनमध्ये आश्रय मागितला. हे सारे माहीत असताना पहिली कादंबरी पुन्हा चाळली तेव्हा ती घटनांच्या मागून धावणारी नसून त्यांच्या पुढे उभी होती हे लक्षात आले.

स्वीडन म्हणजे सर्वांची काळजी वाहणारे, नीटनेटके, सुरक्षित राष्ट्र अशी आपल्या मनात प्रतिमा असते, आणि स्वीडिश लोकांच्याही मनात ती होती. २८ फेब्रुवारी १९८६ रोजी पंतप्रधान उलोफ पाल्मे चित्रपट पाहून पत्नीसह पायी घरी जात असताना स्टॉकहोमच्या भर रस्त्यात मारले गेले, तेव्हा त्या प्रतिमेला पहिला मोठा तडा गेला. वालांडर त्या तड्यानंतरच्या स्वीडनमध्ये काम करतो. आपला देश आपल्याला ओळखू येईनासा झाला आहे, गुन्ह्यांची जात बदलली आहे, आणि जुन्या पोलिसांना त्या नव्या जातीची भाषा येत नाही, ही बेचैनी प्रत्येक पुस्तकात आहे. मालिका पूर्ण झाल्यावर मांकेलने तिला ‘स्वीडिश अस्वस्थतेच्या कादंबऱ्या’ असे म्हटले. हे वर्णन मला तंतोतंत पटते. ही अस्वस्थता वालांडर भाषणातून सांगत नाही; ती त्याच्या छातीत दुखण्यातून, झोपेच्या वेळा चुकण्यातून, गाडीत काच खाली करून समुद्राकडे पाहत बसण्यातून आपल्यापर्यंत येते.

इस्ताद हे खरे गाव आहे. बाल्टिक समुद्राच्या काठी, माल्मोपासून साधारण ६० किलोमीटरवर, सुमारे वीस हजार वस्तीचे. लाकडी चौकटींच्या जुन्या घरांचे आणि पोलंडकडे व बोर्नहोम बेटाकडे जाणाऱ्या बोटींचे बंदर. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यातून रात्री पहारेकरी आजही दर पाव तासाला शिंग फुंकून गाव सुखरूप असल्याची ग्वाही देतो. अशा गावात इतके खून व्हावेत हे आकडेवारीच्या दृष्टीने अशक्यच आहे, आणि सुरुवातीला ते मला खटकले. परंतु मांकेल जो वारा, जो चिखल आणि जे सपाट, ओलसर शेत वर्णन करतो त्यात इतकी सच्चाई आहे की पाचव्या-सहाव्या पुस्तकापर्यंत मी खुनांची मोजदाद सोडून दिली. ऋतू हे येथे निव्वळ पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत. हिवाळ्यात पुरावे बर्फाखाली जातात, धुक्यात रस्ता चुकतो, आणि जूनमध्ये नीटसा अंधारच पडत नाही, त्यामुळे माणसे झोपत नाहीत आणि न झोपल्याने चुकतात.

तपासाची जी पद्धत या पुस्तकांत दिसते तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घाईने वाचणाऱ्याला तीच कंटाळवाणी वाटण्याची शक्यता आहे. येथे एकटा बुद्धिमान माणूस पाइप ओढत कोडे सोडवत नाही. सकाळी बैठकीच्या खोलीत सगळे जमतात, कॉफी येते, कोणाला सर्दी झालेली असते, कोणाच्या मुलाची शाळा बुडालेली असते, आणि काल काय कळले याची उजळणी होते. मार्टिनसन हा तरुण अधिकारी संगणकाकडे वळलेला आहे, हान्सनचा जीव घोड्यांच्या शर्यतीत गुंतलेला आहे, घटनास्थळाची बारकाईने तपासणी करणारा न्यूबर्ग सतत चिडलेला आहे आणि आपल्या कामात अजोड आहे. चौथ्या पुस्तकात ॲन-ब्रिट होग्लुंड ही तरुण अधिकारी येते. तिच्याशी आरंभी तुसडेपणाने वागणारे बहुतेक पुरुष सहकारी आणि तिची हुशारी पहिल्यापासून ओळखणारा वालांडर यांच्यातला फरक लेखकाने फार संयमाने टिपला आहे. या सर्वांहून मोठा माणूस म्हणजे रिडबर्ग, वालांडरचा वडीलधारा सहकारी, ज्याने त्याला पोलिसी काम शिकवले. फासाची गाठ नेहमीची नाही हे त्याच्याच लक्षात येते. तो लवकरच कर्करोगाने जातो, पण वालांडर पुढची सारी वर्षे अडला की मनातल्या मनात त्यालाच विचारतो. आपल्याला काम शिकवून गेलेल्या माणसाशी असा मनातला संवाद ज्यांनी कधी केला असेल त्यांना हे भाग विशेष भिडतील.

सुगावे येथे बहुधा कंटाळवाण्या कामातून मिळतात. तोच जबाब तिसऱ्यांदा वाचताना, तीच गाडी पुन्हा तपासताना, कोणी सहज बोललेले वाक्य चार दिवसांनी आठवताना. पहिल्या कादंबरीतला गुंता तर महिनोन्महिने सुटतच नाही, आणि शेवटी जो धागा हाती लागतो तो बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या एका तरुणीच्या स्मरणशक्तीमुळे. वालांडरचे मोठेपण एवढेच की तो तोवर प्रकरणाची फाइल बंद करत नाही. माझ्या मते हेच त्याचे खरे शौर्य आहे, आणि ते कुठल्याही पाठलागापेक्षा अधिक उत्कंठेने वाचवते.

आता वडिलांविषयी. वालांडरचे वडील चित्रकार आहेत आणि आयुष्यभर त्यांनी एकच चित्र रंगवले आहे : जंगलावर मावळतीचा प्रकाश. काही चित्रांत पुढे एक रानकोंबडा असतो, काहींत नसतो, एवढाच फरक. लहानपणी ही चित्रे घाऊक विकत घ्यायला भपकेबाज अमेरिकन मोटारींतून येणारे व्यापारी मुलाच्या आठवणीत आहेत. मुलगा पोलीस झाला हे त्या बापाने कधीच मान्य केले नाही, आणि का नाही हेही कधी नीट सांगितले नाही. दोघे भेटले की दहा मिनिटांत भांडण ठरलेले. पहिल्या कादंबरीत खुनाचा तपास ऐन भरात असताना हे वृद्ध गृहस्थ रात्रीचा पायजमा घालून, हातात बॅग घेऊन शेतातल्या वाटेने निघालेले सापडतात. त्यांना इटलीला जायचे असते.

हे पान वाचून मी पुस्तक काही दिवस मिटून ठेवले होते. माझे वडील शेवटच्या दीड वर्षात रोज संध्याकाळी पिशवी भरून दारापाशी उभे राहत आणि गावाला जायची एसटी चुकेल म्हणून आमच्यावर रागावत. त्यांना समजावताना आपण किती वेळा खेकसलो, आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन किती वेळा त्याची लाज वाटली, हे मी कोणाला सांगितलेले नाही. मांकेलने वालांडरचा तो चिडचिडेपणा, ती लाज, आणि कामाचे निमित्त करून भेट टाळण्यातला तो अपराधी सुटकेचा श्वास, सगळे जसेच्या तसे लिहिले आहे. कुठेही त्याने पुत्रप्रेमाचा मुलामा दिलेला नाही. पुढे ‘द फिफ्थ वुमन’ या सहाव्या कादंबरीत बापलेक खरोखरच रोमला जातात. एका रात्री वडील हॉटेलातून एकटेच बाहेर पडतात आणि मुलगा पोलिसासारखा, अंतर राखून, त्यांच्या मागोमाग जातो. वडील स्पॅनिश पायऱ्यांवर जाऊन बसतात. मुलगा दुरून पाहत राहतो, आणि आपण मागे आलो होतो हे त्यांना कधीच सांगत नाही. गुन्ह्याशी या पानांचा काही संबंध नाही, तरीही या साऱ्या मालिकेतले माझे सर्वांत आवडते लेखन हेच आहे. पाठलाग करणे हा ज्याचा व्यवसाय, त्याने आयुष्यातला सर्वांत प्रेमळ पाठलाग असा करावा आणि त्याविषयी एक शब्दही बोलू नये, यात त्या दोघांचे सगळे नाते आलेले आहे.

सगळ्या कादंबऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. ‘द डॉग्स ऑफ रिगा’ ही दुसरी कादंबरी, स्वीडनच्या किनाऱ्याला लागलेल्या रबरी तराफ्यावरच्या दोन प्रेतांपासून सुरू होऊन वालांडरला सोव्हिएत सत्तेखालून सुटू पाहणाऱ्या लातव्हियात नेते. १९९१ च्या त्या अनिश्चित दिवसांचे वातावरण तिच्यात चांगले उतरले आहे, परंतु गावातल्या पोलिसाने परदेशात गुप्तपणे वावरावे हे मला शेवटपर्यंत पटले नाही. ‘द व्हाइट लायनेस’ मध्ये ही अडचण आणखी वाढते. स्कोनेतल्या घरे विकणाऱ्या एका सालस बाईच्या बेपत्ता होण्याचा धागा दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांच्या हत्येच्या कटापर्यंत पोचतो. आफ्रिकेतली प्रकरणे जिव्हाळ्याने लिहिलेली आहेत, पण दोन कादंबऱ्या एकत्र शिवल्यासारख्या वाटतात आणि मधली शिवण दिसत राहते. या पुस्तकात वालांडरच्या हातून माणूस मारला जातो, आणि ती घटना मात्र लेखक सोडून देत नाही. ‘द मॅन हू स्माइल्ड’ उघडते तेव्हा वालांडर एक वर्षाहून अधिक काळ रजेवर आहे, डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेनच्या ओसाड वाळूवर एकटाच फेऱ्या मारतो आहे आणि नोकरी सोडायच्या बेतात आहे. एका गुन्हेगाराला गोळी घालून पुढच्या प्रकरणात ताजेतवाने होणारे नायक आपण इतके पाहिले आहेत की हे एक वर्षाचे कोसळणे वाचताना लेखकाविषयीचा आदर वाढतो.

पाचवी कादंबरी ‘साइडट्रॅक्ड’ ही माझ्या मते या मालिकेचे शिखर आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात, सारा देश विश्वचषक फुटबॉलच्या सामन्यांत बुडालेला असताना, पिवळ्याधमक मोहरीवर्गीय पिकाच्या शेतात एक अनोळखी मुलगी उभी आहे अशी तक्रार येते. वालांडर पाहायला जातो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती स्वतःला पेटवून घेते. ती कोण, कुठून आली, तिला एवढी भीती कशाची वाटली, हे प्रश्न पुढे सुरू होणाऱ्या खूनसत्राच्या खाली सतत धगधगत राहतात. खुनी कोण हे वाचकाला बरेच आधी कळते. वालांडरला कळत नाही. त्यामुळे उत्कंठा ‘कोण’ यावरून सरकून ‘कधी कळणार आणि तोवर आणखी किती जण’ यावर येते, आणि ती असह्य होते. या कादंबरीला २००१ मध्ये ब्रिटनचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला. नॉर्डिक देशांतल्या उत्कृष्ट गुन्हेकथेसाठीचा ‘ग्लास की’ हा पुरस्कार १९९२ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिलाच मान ‘फेसलेस किलर्स’ला मिळाला होता.

‘वन स्टेप बिहाइंड’ मध्ये खुनाचे सावट थेट पोलीस ठाण्यात येते आणि वालांडरला मधुमेह झाल्याचे कळते. सततची तहान, पायांत येणारे गोळे, रात्री पुन्हा पुन्हा उठणे, आणि तरीही डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलणे. आपल्या ओळखीच्या किती तरी घरांत हेच चालते. पुढच्या ‘फायरवॉल’ मध्ये चौकशीच्या वेळी त्याने एका मुलीला थोबाडीत मारल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते. त्या क्षणी नेमके काय घडले हे वाचकाला माहीत असते, जगाला नसते, आणि ज्या सहकाऱ्यावर त्याने सर्वाधिक विश्वास टाकला तोच पाठीमागे वेगळी चाल खेळत असतो. या कादंबरीतले संगणकांविषयीचे कथानक आज जुने झाले आहे. विश्वास तुटण्याची कथा मात्र झालेली नाही.

दोष आणखीही आहेत. ‘आपण काहीतरी महत्त्वाचे पाहिले, पण ते काय ते आठवत नाही’ अशी वालांडरची हुरहुर जवळपास प्रत्येक पुस्तकात येते, आणि चौथ्यांदा आल्यावर ती क्लृप्ती वाटू लागते. शेवटची धावपळ पुष्कळदा घाईची असते. ज्या पोलिसाने चारशे पाने सहकाऱ्यांशिवाय पाऊल टाकले नाही तो अखेरीस एकटाच, फोन विसरून, अंधारात शिरतो. रिगात भेटलेली बायबा ही त्याच्या आयुष्यातली महत्त्वाची स्त्री असूनही ती आपल्याला फारशी कळत नाही. तिच्या मनापेक्षा वालांडरची तिच्याविषयीची ओढच आपण अधिक पाहतो. लिंडाच्या बाबतीत मात्र असे होत नाही. बापासारखीच हट्टी असलेली ही मुलगी पुढे स्वतः पोलिसात येते, आणि ‘बिफोर द फ्रॉस्ट’ ही कादंबरी तिच्याच नजरेतून उलगडते. बाप घरात आणि कामावर कसा दिसतो हे मुलीच्या डोळ्यांनी पाहणे हा मोठा आनंद आहे.

२००९ मध्ये आलेली ‘द ट्रबल्ड मॅन’ ही अखेरची कादंबरी ज्यांना काहीही आधी कळू नये असे वाटते त्यांनी हा परिच्छेद वगळावा. वालांडर साठीला आलेला आहे, लोदेरूपजवळ समुद्राच्या बाजूला घर घेऊन कुत्र्यासोबत राहतो आहे, लिंडाला मुलगी झाली आहे आणि त्या नातीने त्याला कधी नव्हे ते सुख दिले आहे. लिंडाच्या जोडीदाराचे वडील, नौदलातले निवृत्त अधिकारी, एक दिवस फिरायला गेलेले परतत नाहीत, आणि शीतयुद्धाच्या काळात स्वीडनच्या समुद्रात शिरलेल्या पाणबुड्यांची जुनी गुपिते वर येऊ लागतात. हा तपास चांगला आहेच, पण त्याच्या कडेकडेने दुसरे काहीतरी चालू असते. वालांडर एकदा दारूच्या नशेत आपले पिस्तूल उपाहारगृहात विसरतो. कधी एखाद्या ठिकाणी आपण का आलो हेच त्याला क्षणभर आठवत नाही. पहिल्या पुस्तकातल्या त्या पायजम्यातल्या म्हाताऱ्याची आठवण वाचकाला होते, आणि अठरा वर्षांपूर्वी लेखकाने ती पेरून ठेवली होती हे कळते तेव्हा पोटात खड्डा पडतो. ज्याचे सारे काम इतरांना विसर पडलेले आठवण्याचे होते, त्याची आठवणच निसटत जाते.

मी ही मालिका इंग्रजी अनुवादातून वाचली. स्टीव्हन मरे, लॉरी थॉम्पसन आणि एबा सेगरबेरी अशा तीन अनुवादकांनी ती इंग्रजीत आणली आहे, आणि तिघांचीही वाक्ये साधी, छोटी, न सजवलेली असल्यामुळे ज्यांना इंग्रजी कादंबऱ्या वाचण्याचा फार सराव नाही त्यांनाही त्या जड जाऊ नयेत. गावांची आणि माणसांची नावे पहिल्या पन्नास पानांत गोंधळात टाकतात. मी एका कागदावर ती लिहून पुस्तकात ठेवली होती आणि दुसऱ्या पुस्तकापासून त्या कागदाची गरज पडली नाही. पडद्यावर तीन प्रमुख वालांडर झाले : रोल्फ लासगोर्द, क्रिस्टर हेनरिकसन आणि २००८ ते २०१६ या काळात इंग्रजीत, पण मुख्यतः इस्तादमध्येच चित्रित झालेल्या बीबीसीच्या मालिकेतला केनेथ ब्राना. ब्रानाचा अभिनय उत्कृष्ट असला तरी त्या मालिकेतले दुःख मला जरा जास्त देखणे वाटले. हेनरिकसनचा वालांडर पुस्तकातल्या माणसाच्या अधिक जवळचा आहे, कारण तो थकलेला दिसतो आणि थकवा दाखवत नाही. तरी आधी पुस्तकेच वाचावीत.

क्रमाविषयी आग्रहाने सांगायचे आहे. इंग्रजी अनुवाद मूळ क्रमाने प्रसिद्ध झाले नाहीत. १९९४ ची ‘द मॅन हू स्माइल्ड’ इंग्रजीत २००५ मध्ये आली, तोवर तिच्या पुढच्या अनेक कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या. त्यामुळे दुकानात किंवा वाचनालयात जे हाती लागेल ते उचलले तर रिडबर्ग मेलेला, वडील गेलेले आणि ॲन-ब्रिट मुरलेली अधिकारी असा मधलाच वालांडर भेटतो. ‘फेसलेस किलर्स’ने सुरुवात करून ‘फायरवॉल’पर्यंतच्या आठ कादंबऱ्या ओळीने वाचाव्यात. त्यानंतर त्याच्या तरुणपणाच्या पाच कथांचा ‘द पिरॅमिड’ हा संग्रह घ्यावा. तो काळाच्या दृष्टीने आधीचा असला तरी, आपण ज्याला म्हातारा होताना पाहिले तो पूर्वी कसा होता हे नंतर कळण्यातच गोडी आहे. मग लिंडाची कादंबरी, आणि ‘द ट्रबल्ड मॅन’ उघडण्यापूर्वी ‘ॲन इव्हेंट इन ऑटम’ हे लहानसे पुस्तक. ते शेवटी प्रसिद्ध झाले असले तरी त्यातली गोष्ट २००२ च्या शरद ऋतूतली आहे. वालांडर गावाबाहेर एक विकाऊ घर पाहायला जातो, बागेत फेरी मारताना त्याचा पाय कशाला तरी अडखळतो, आणि वाकून पाहतो तो मातीतून वर आलेला माणसाच्या हाताचा सांगाडा असतो. एका बैठकीत वाचून होते, आणि त्याला कुत्रा आणि समुद्राकडची खिडकी एवढीच हवी होती हे त्यात फार साधेपणाने आले आहे.